आठवा रेडिएटर

इन्साफनं कॉफीचा कप उचलला, नाकापर्यंत नेला आणि ओठही न लावता पुन्हा तिपाईवर ठेवून दिला.

अबू सकरची जपमाळ बोटांतच थांबली. त्याच्या बायकोनं आधी कपाकडे पाहिलं, मग इन्साफकडे आणि मग दारात रिकामा ट्रे धरून उभ्या असलेल्या आपल्या लेकीकडे.

मागणं घेऊन आलेला पाहुणा कॉफीला तोंड लावत नाही, हे अम्मानमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. यजमानानं 'दिलं' म्हणायचं, मगच घोट घ्यायचा. आणि घरात लग्नाची मुलगी असली की मागणं कसलं, हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही. त्यातून इन्साफचा मुलगा वाएल जर्मनीत, चांगल्या नोकरीत आणि बिनलग्नाचा. अबू सकरनं घसा साफ केला, जाकिटाची बटणं लावली आणि 'वाएलची आई' या मानाच्या नावानं तिला हाक मारली.

"प्या, उम्म वाएल. जे मागाल ते दिलं."

"मग आकडा सांगा," इन्साफ म्हणाली. "माझं घर गरम करायला किती लागतील तो. कागदावर लिहून, खाली सही करून."

क्षणभर कुणालाच काही उमजेना. मग दारातली लेक म्हणाली, "सुटले बाबा. ट्रे पडलाच असता हातातून." आणि तोंडावर ओढणी धरून आत पळाली.

इन्साफला असला आचरटपणा करायची हौस नव्हती, पण बाई करणार तरी काय? घर गरम करणाऱ्या डिझेलच्या जुन्या बॉयलरनं मान टाकलेली, आणि इकडे लेकीचे, दीमाचे, दिवस भरत आलेले. पहिलटकरणीनं बाळंतपणानंतरचे चाळीस दिवस आईकडे काढायचे, ही रीत. पण विहीणबाईंनी, म्हणजे उम्म तारिकनं, चारचौघांत ऐकवलं होतं की त्या दगडी घरात माझ्या नातवाला गारठवू नका, माझ्याकडे फरशीखालून ऊब येते, पोरगी इथंच राहील. ते बोलणं इन्साफला असं काही झोंबलं होतं की तिला रात्ररात्र झोप नव्हती.

पैसे मी देतो, वाएल म्हणाला होता, पण तीन कोटेशनं पाठव, लेखी. पोराला तिकडचं वारं लागलेलं. लेखी आकडा मागणं म्हणजे समोरच्याच्या इमानावर शंका घेणं, हे तो विसरूनच गेला होता. पहिला कंत्राटदार खोल्याखोल्यांतले ऊब देणारे रेडिएटर ठोकून बघून गेला, कॉफी प्याला आणि पैशाचं विचारताच त्यानं कानाला हात लावला: बहिणीशी कसला हिशेब? दुसरा तर चक्क रुसला. मंगळवारी तिसरा, अबू सकर, आला, तोही 'पैशावरून आपलं काही बिनसायचं नाही' म्हणत जिना उतरून गेला. म्हणून आज ती हे हुकमाचं पान घेऊन त्याच्याच घरी येऊन बसली होती. एकाचा कागद हातात आला की त्याच्या जोरावर उरलेल्या दोघांनाही बोलतं करता येईल, असा तिचा होरा होता.

अबू सकरनं सुस्कारा टाकला, चष्मा चढवला आणि लिहायला घेतलं. नवा बॉयलर, पाइप, सात रेडिएटर, शनिवारी काम सुरू. खाली तीन हजार आठशे दिनार. आकडा तिच्या अंदाजापेक्षा बराच वर होता. एरवी तिनं टोमॅटोवाल्यालासुद्धा रडवलं असतं. पण मागून घेतलेल्या शब्दावर घासाघीस कशी करणार, आणि आता दुसऱ्यांकडे तरी कशी जाणार? तिनं मुकाट्यानं कॉफी संपवली.

"म्हणजे दीमा तुमच्याकडेच येणार तर," अबू सकरची बायको संत्रं सोलता सोलता म्हणाली.

"येणारच. आता बघू विहीणबाई काय बोलतात ते."

"नशीब काढलंत. आमच्या सकरचा मुलगा सुनेच्या माहेरी झाला, इर्बिदला. मी त्याला बघितलं ते चाळीस दिवस सरल्यावर. मला पाहून असं भोकाड पसरलंन, शेजारी गोळा झाले."

सगळे खळखळून हसले. अबू सकरची बायकोही हसली. मग हातातल्या फोडीचे धागे काढत राहिली.

"आजी मी त्याची, आणि परकी म्हणून रडला. रोज फोन उशाशी घेऊन बसायचे. पण न बोलावता विहिणीच्या दारात जायचं कसं?"

इन्साफनं तोंडाशी नेलेली संत्र्याची फोड खाली ठेवली. विहीणबाईंचा नवरा जाऊन चार वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा, त्याचं हे पहिलंच मूल. हे सगळं तिला माहीत होतं. पण त्या बाईचा तोरा तेवढा डोळ्यांत सलत राहिला आणि बाकीचं दिसलंच नाही. तिची तिलाच लाज वाटली.

"अबू सकर, जिन्याशेजारची ती लहान खोली आठवते? अडगळीची?"

"आठवते ना. तिथवर पाइपसुद्धा नाही."

"पाइप न्या. तिथं एक रेडिएटर बसवा. एक पलंग मावतो तिथं."

त्यानं कागद पुढे ओढला, सातावर काट मारून आठ लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

"आणि खालचा आकडा?" इन्साफनं विचारलं.

"तो दिलेला शब्द आहे, उम्म वाएल. तो आता वाढत नाही."

बाहेर बोचरा वारा सुटला होता. इन्साफनं कागद पर्समध्ये ठेवला आणि पायऱ्यांवर उभं राहूनच फोन लावला. बराच वेळ घंटी वाजली.

"बोला," विहीणबाईंचा आवाज नेहमीसारखाच ताठ होता.

परतफेडीचे कितीतरी टोमणे इन्साफनं आठवडाभर घासून-पुसून ठेवले होते. त्यातला एकही तिच्या तोंडून निघाला नाही.

"उम्म तारिक," ती म्हणाली, "तुम्हाला रात्री झोपताना पांघरुणं किती लागतात?"