उशिरा येणाऱ्याचा भात

मी एक जुना शब्द आहे. माझा उच्चार सांगत नाही. तुम्ही तो चुकवाल आणि वाईट मला वाटेल. ऑस्ट्रोआशियाई घराण्यातल्या एका लहानशा भाषेत माझा जन्म झाला. भाषा लहान, पण भाताच्या बाबतीत भलतीच चोखंदळ. उभ्या पिकाला एक शब्द, कांडलेल्या तांदळाला दुसरा, बुडाला लागलेल्या खरवडीला तिसरा. माझा अर्थ, घरी अजून न पोचलेल्या माणसासाठी झाकून ठेवलेला भात.

मित्रांनो, एके काळी घरोघरी माझी ऊठबस होती. मग माणसं शहरात गेली, दुसरी भाषा बोलू लागली. शेवटी टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, एका आजोबांच्या तोंडी मी उरलो. त्यांची लेक कपडे धुण्याच्या कारखान्यात कामाला. ती उशिरा यायची, म्हणून मी जिवंत होतो. पुढे तिला दिवसपाळी मिळाली. घरात आनंदीआनंद, मला सुतक!

तेवढ्यात भाषा टिपून घेणाऱ्या एक संशोधक बाई येऊ लागल्या. त्या भाताचे फोटो दाखवायच्या, आजोबा शब्द सांगायचे. माझी सगळी भावंडं रेकॉर्डरमध्ये जाऊन बसली. मीच राहिलो. न आलेल्या माणसाचा फोटो कोण काढणार?

बाई जेवायला तिथेच असायच्या. एका संध्याकाळी त्यांची बस वाटेत बंद पडली. सगळ्यांची जेवणं उरकली, तशी नात पातेल्याकडे सरकली.

"आजोबा, बाई काही येत नाहीत आता. मी संपवते."

"हात मागे! तो..." आणि इतक्या दिवसांनी आजोबांनी मला उच्चारलं.

"म्हणजे काय?"

"म्हणजे माणूस यायचंय. तोवर हात लावायचा नाही."

"आणि आलंच नाही तर?"

"येतं गं. भात ठेवलाय म्हटल्यावर येतं."

बाई आल्या त्या घामाघूम होऊन. नातीनं दारातच खणखणीत आवाजात माझा उच्चार त्यांना ऐकवला.

"काय म्हणालीस? थांब, थांब, पुन्हा म्हण!" बाई खांद्यावरची पिशवी चाचपू लागल्या. ती बसमध्येच राहिली होती, रेकॉर्डरसकट.

"आधी जेवा हो," लेक म्हणाली. "शब्द काही गार होत नाही."

दुसऱ्या दिवशी पिशवी मिळाली आणि मीही रेकॉर्डरमध्ये गेलो. पण आता मला तेवढी घाई नव्हती. हल्ली नात खेळून मुद्दाम उशिरा येते आणि दारातूनच माझी चौकशी करते. आजोबा चिडतात. माझं छान चाललं आहे.

तेव्हा मित्रांनो, मला काचेच्या कपाटात जपू नका. घरचं कुणी यायचं राहिलं असेल, तर पातेलं खरवडण्याआधी जरा थांबा. वर झाकण ठेवा. तुमच्या भाषेत त्या भाताला नाव नसलं तरी हरकत नाही. मी ओळखीन.