चार रेघोट्या

मी साठीत लिहायला शिकलो, पण एका माणसाची माफी मागायला तोवर फार उशीर झाला होता.

१९४४ साली मी मिरज स्टेशनावर टांगा हाकायचो. कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या निर्वासित छावणीतले पोलंडचे एक म्हातारे मास्तर दवाखान्यासाठी यायचे, ते माझ्याच टांग्यात बसायचे. साऱ्या जगाला बोलता यावी म्हणून कुणीतरी एस्पेरांतो नावाची भाषा तयार केली होती. भेटेल त्या माणसाकडून मास्तर ‘एस्पेरांतो’ हा शब्द त्याच्या लिपीत वहीत लिहून घेत. एकदा त्यांनी वही माझ्यापुढं धरली.

“अब तुम्हारा,” ते म्हणाले.

अडाणी आहे म्हणायची लाज वाटली. मी चार रेघोट्या ओढल्या आणि वरून आडवी रेघ मारली. मास्तर खूश झाले.

परतताना त्यांनी ते पान तिकीटबाबूला कौतुकानं दाखवलं.

“सिद्ध्या, लेका, कोंबडी नाचवलीस व्हय रं कागदावर?” बाबू खो खो हसला आणि त्यानं खाली खरा शब्द लिहिला.

गरिबाची चेष्टा चालली आहे असं मास्तरांना वाटलं. त्यांनी रागानं बाबूचा शब्द खोडला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“तुम्हारा सही. है ना?”

मी मान डोलावली.