देव्हाऱ्यातली न वाचलेली वही

मी दोनशे पानांची, रेघांची एक जुनी वही आहे. नसरापूरच्या दुकानातून एसटीने घरी आले, तेव्हा वाटलं होतं, नशिबी पोरांचे पाढेच येणार. पण मला हाती धरलं बनाबाईंनी. मित्रांनो, तेव्हापासूनचा माझा तोरा काय सांगू! साठीला टेकलेली बाई प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकली आणि तिनं अख्खा जन्म माझ्यावर उतरवला.

वेल्ह्याच्या खोऱ्यातलं त्यांचं गाव धरणात गेलं. मग भोंगवलीजवळच्या उजाड माळावर पहिलं छप्पर त्यांनी उभारलं. दगड वेचले, लांबून पाणी वाहिलं, दोन लेकरं वाढवली. हे सगळं त्या बांधावर बसून गुपचूप लिहायच्या. चुकलं की थुंकी लावून पुसायच्या, तेही मी चालवून घेतलं.

शेवटचं पान झालं. त्यांनी मला लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवलं आणि चारच दिवसांत त्या गेल्या. घरच्यांना वाटलं, ही आईची पोथी. पस्तीस वर्षं मला रोज हळदकुंकू मिळालं, पण सोवळ्याच्या धाकानं गाठ कुणी सोडली नाही. आता बोला!

बनाबाईंचा मुलगा मानसिंग रोज माझ्यासमोर देवीची माफी मागायचा. गाव सोडताना कुलदेवीचा चांदीचा टाक आठ वर्षांच्या मानसिंगच्या पिशवीत ठेवला होता. तो हरवला, आणि ‘देवी घालवलीस’ हा बोल त्याला जन्मभर चिकटला. माझ्या पोटात त्याचं उत्तर होतं, पण मला तोंड कुठं?

मध्यंतरी माझी शिवण उसवली. जीर्ण पोथी नदीत सोडायची रीत, म्हणून मानसिंगआबा मला घेऊन निघाले. नात सृष्टी आडवी आली.

“आबा, कुठली पोथी ते तरी बघू.”

“सोडू नगंस, पाप लागंल.”

तोवर गाठ सुटली होती. सृष्टी वाचू लागली आणि एका पानावरचं तिनं आबांकडे बघत सावकाश वाचलं.

“टाक मानसिंगनं हरवला न्हाई. म्या काढला. पोरं उपाशी, पेरायला बी न्हाई. टाक मोडून जोंधळा आणला. देवीला म्हनलं, आता तू कणसात ऱ्हा. सासूच्या धाकानं गप ऱ्हायले. लेकरा, माज्यापायी लई बोल खाल्लास. माफ कर.”

आबा खाली बसले. डोळे पुसले आणि ताठ मानेनं म्हणाले, “ह्या माळावरचं पैलं कणीस माज्या आईचं. पुन्यांदा वाच. शेजारच्यांनाबी बोलाव.”

त्या दिवशी घराच्या ओटीवर दाटीनं माणसं जमली. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

मित्रांनो, थोरामोठ्यांचं लिहिलेलं नुसतं पुजू नका. उघडा, वाचा, आणि ती माणसं आहेत तोवर वाचा. आबा आता रोज माझ्यावर हात ठेवून म्हणतात, “आये, माफी कसली गं?” आणि ते ऐकायला बनाबाई नाहीत, फक्त मी असते.