आमच्या एमॉसची बोली

आमचा एमॉस, माझा थोरला भाऊ, घर सोडून गेला तेव्हा मी बारा वर्षांची होते. उत्तर इंग्लंडातल्या आमच्या रोशडेल गावी ज्या गिरणीत वडील सूत कातायचे, तिथंच त्यालाही लावलं होतं. पण प्रार्थनामंदिराच्या हौशी नाटकात एका फिरत्या कंपनीच्या मालकानं त्याला पाहिलं आणि उचललं. दोन वर्षांत तो लंडनला सिनेमात पोचला. उंच, सरळ नाकाचा, कपाळावर केसांची एक बट. मूकपटांचे दिवस होते. कोण कसं बोलतं, याची तिथं कुणाला पडलेली नव्हती.

मग बोलपट आले. पहिल्याच बोलपटात एमॉस राजपुत्र झाला होता आणि त्याला म्हणायचं होतं, "घोडे आणा, लवकर!" तोंडातून निघालं ते आमच्या गल्लीतलं, "घोडी आना रं, बिगीबिगी!" आवाज नोंदवणारा माणूस हसून हसून खुर्चीवरून घसरला, असं एमॉसनंच मला पत्रात लिहिलं होतं. त्याला काढून टाकायचं चाललं होतं. पण चेहरा चांगला म्हणून सिनेमा कंपनीनं त्याला फॅनशॉबाई नावाच्या शिक्षिकेकडे धाडलं. सहा महिने बाईंनी त्याच्या दातांत बूच धरायला लावून उमरावांचं इंग्रजी घोटून घेतलं. नावही बदललं. एमॉस एंटविसलचा ज्युलियन मार्च झाला.

त्यानंतर तो कधी लॉर्ड असायचा, कधी घोडदळातला कप्तान. त्याचा पहिला मोठा सिनेमा आमच्या गावात लागला तेव्हा सगळी गल्ली बघायला गेली. दिवे लागल्यावर शेजारणी आईचे हात धरून कौतुक करत होत्या. आई म्हणाली, "पोरगं माझंच हाय. पर त्येच्या तोंडातनं बोलतंय कोन?"

चौतीस साली तो घरी आला. आईनं पुढची खोली उघडली. ती एरवी पाद्री आले किंवा घरात मयत झाली तरच उघडायची. लग्नातल्या कपबशा निघाल्या. एमॉस प्रवासाचं, हवेचं काहीबाही बोलत होता. तेवढ्यात केकची बशी पुढं करत आई म्हणाली, "घ्या की अजून एक."

एमॉसचा चेहरा लाल झाला. "आई, मला 'घ्या' काय म्हणतेस?"

"आता तू तसं बोलतूयास, म्हून आलं तोंडात," आई ओशाळून म्हणाली.

मग त्यानं एक घोट घेतला आणि म्हणाला, "आये, च्या लई झ्याक झालाय गं."

शब्द सगळे बरोबर होते. तरी वडिलांनी पाइप खाली ठेवला. "आमची टिंगल करतूस व्हय रं? तीस वर्सं त्या गिरनीतली धूळ खाल्ली म्या. माझ्याच घरात माझी नक्कल नगं."

"टिंगल नाही करत, बाबा."

"मग सरळ बोल."

सरळ म्हणजे कसं, हे त्याला कळेना. उरलेले दोन दिवस तो जवळजवळ गप्पच होता. त्यानंतर नाताळाला भेटवस्तू येत राहिल्या, तो येईनासा झाला.

एका नटीशी लग्न केलं, ते चार वर्षं टिकलं. जाताना ती म्हणाली होती, "निदान न्याहारीला तरी नाटक बंद करत जा." एमॉसनं मला लिहिलं, "मी नाटक करत नव्हतो, विनी. मला आता दुसरं काही येतच नाही." आई गेली तेव्हा तो आला. दफनानंतर हॅमचे सँडविच खाता खाता बायकांनी प्रार्थनेच्या कागदामागं त्याच्या सह्या मागितल्या. त्यानं सगळ्यांना दिल्या. आईचं नाव छापलेल्या कागदावर 'ज्युलियन मार्च'.

युद्धानंतर भूमिका आखडत गेल्या. नायकाचा बाप, मग न्यायाधीश, मग तर नुसता क्लबात पेपर वाचणारा म्हातारा. आणि एकसष्ट साली एकदम वारं फिरलं. गिरण्या, संप, आमच्यासारखी माणसं यांच्यावर सिनेमे निघू लागले. एका तरुण दिग्दर्शकाला गिरणीतल्या म्हाताऱ्या बापाच्या कामाला उत्तरेकडचा नट हवा होता. एमॉसनं त्याला कळवलं, 'मी तिथलाच आहे,' आणि सुटकेस घेऊन माझ्याकडे आला.

वडीलही गेलेले, मी एकटीच राहायची. चाचणीला पंधरा दिवस होते.

"शिकव मला," तो म्हणाला.

मीही गिरणीतच कामाला होते. रोज मी घरी आले की आम्ही स्वयंपाकघरात समोरासमोर बसायचो. मी बोलायची, तो म्हणायचा. मी लिहिताना शाळेत शिकवलं तसं लिहिते, बोलते मात्र आमचंच. पण शिकवायचं म्हटलं की माझीही जीभ अडखळायची.

"'न्हाई' म्हन."

"न्हाई."

"असं न्हवं रं. फार तोलून म्हनतूस. भूक लागल्यावर कसं म्हनशील?"

तो डोळे मिटून पुन्हा म्हणायचा. फॅनशॉबाईंनी पक्कं काम केलं होतं. आठव्या दिवशी तो तळलेल्या मासे-बटाट्याच्या दुकानात गेला आणि हिंमत करून म्हणाला, "दोन मासं द्या की वं ताई." काउंटरवरची पोरगी फिसकन हसली. "सायेब, तुमचं नीट बोला की. कळतंय आमास्नी."

तो रिकाम्या हातानं परत आला आणि कोट न काढता बसून राहिला.

तरी चाचणीला गेला. दिग्दर्शक स्वतः बड्या शाळेत शिकलेला, पण मुद्दाम गिरणीकामगारांची टोपी घालून हिंडायचा. एमॉसचं ऐकून तो म्हणाला, "मार्चसाहेब, तुम्ही थोर नट आहात. पण मला इथं खरा माणूस हवाय." एमॉसनं भांडण केलं नाही, पुरावाही दिला नाही. बापाचं काम दुसऱ्याला गेलं. त्याला गिरणीमालकाचं दिलं, चार वाक्यांचं. त्यानं घेतलं.

चित्रण आमच्याच गिरणीच्या आवारात झालं. गर्दीसाठी गावातली माणसं घेतली होती, त्यात मीही. आम्हाला सांगितलं होतं, मालक पायऱ्यांवर आला की मनाला येईल ते ओरडा. एमॉस काळ्या कोटात, उंच टोपी घालून बाहेर आला. "उद्यापासून फाटक बंद राहील," तो शांतपणे म्हणाला. बायका खवळल्या.

शेजारच्या सेराहनं कोपर मारलं. "वरड की गं! त्यासाठीच उभं केलंय आपल्याला."

आणि मी ओरडले, "जा की मग लंडनला! हितं कुनाला पायजेस तू!"

एमॉसनं माझ्याकडे पाहिलं. दिग्दर्शक नाचायचाच बाकी होता. "वा! बाई, अगदी असंच पुन्हा!" वेगवेगळ्या कोनांतून सहा वेळा ते घेतलं. सहाही वेळा मी तेच ओरडले.

नंतर तोंडावरचा रंग पुसत तो जवळ आला. "छान केलंस."

"च्याला ये की घरी. मी ते मनापासनं न्हाई म्हनलं रं."

"माहीत आहे गं. पण पाचची गाडी आहे," तो म्हणाला. आणि गेला.

पुढं पत्रं यायची, हवापाण्याची. सात वर्षांनी दक्षिणेकडं, समुद्रकाठच्या होव्ह गावी एका भाड्याच्या खोलीत तो वारला. घरमालकीण टिंडलबाईंनी त्याच्या डायरीतून माझा पत्ता काढून तार केली. दफनाला आम्ही दोघी आणि पाद्री. बाहेर पडल्यावर त्या मला घरी घेऊन गेल्या.

"मिस्टर मार्चना बहीण आहे हे मला माहीतच नव्हतं," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, मोठ्या घराण्यातले, एकुलते एक असतील. फार सभ्य माणूस. इथल्या सहा वर्षांत एकदाही स्वतःबद्दल बोलले नाहीत. लहानपणी कसे होते हो?"

त्यांना कळावं म्हणून मी सावकाश, एकेक शब्द जुळवून सुरुवात केली. तो कालव्याकाठच्या हंसांना भ्यायचा, माझा हात धरून लांबच्या वाटेनं शाळेत जायचा. सांगता सांगता मी कधी आमच्या बोलीत शिरले, मलाच कळलं नाही. टिंडलबाईंना त्यातलं निम्मं तरी समजलं असेल का, कोण जाणे. त्यांनी मला थांबवलं नाही. कपात पुन्हा चहा ओतला आणि खुर्ची जवळ ओढून ऐकत राहिल्या.