कासविंद्याच्या बिया

मागच्या अंगणातला तो घाणेरड्या वासाचा कासविंदा उपटून टाका, असं सून दोन वर्षं कानीकपाळी ओरडत होती. पण आजोबा कसले ऐकतात! चाळीस वर्षं कंपाउंडर म्हणून औषधाच्या पुड्या बांधलेला माणूस तो. पडीक जागेत आपोआप माजणाऱ्या, पिवळ्या फुलांच्या त्या झुडपाचं त्यांना भारी कौतुक. पाला नायट्यावर चोळायचा आणि शेंगांमधल्या बिया काळ्या होईपर्यंत भाजून त्यांची कॉफी करायची. सहा वर्षांच्या नातीकडून त्यांनी हे सगळं घोकून घेतलं होतं.

"कच्ची बी म्हणजे?"

"विष!"

"मग काय करायचं?"

"भाजायची!" पोरगी टाळ्या पिटत सांगायची.

आज तिचा तीन वर्षांचा भाऊ दवाखान्यात बेशुद्ध पडला होता. कालपासून उलट्या, सकाळी झटके. पोराने काय खाल्लं, असं डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते. सून सासऱ्यांकडे बघतसुद्धा नव्हती.

आजोबांनी नातीला बाजूला घेतलं. "बाळा, तू त्याला त्या बिया दिल्यास?"

"हो. मूठभर."

"कच्च्या?"

"कच्च्या कशा देईन, आजोबा?" पोरगी फुरंगटली. "तुम्ही शिकवलंत तशाच दिल्या. चांगल्या काळ्या होईपर्यंत भाजून."

आजोबांच्या जिवात जीव आला. "कशावर भाजल्यास गं?"

"माझ्या भातुकलीतल्या चुलीवर."