रिकामा निरोप

"सोमवारी या ना! सोमवारपर्यंत नक्की येतंय."

हे वाक्य जितेश खेडेकरच्या तोंडात इतकं बसलं होतं, की फोन नीट कानाला लागायच्या आधीच ते बाहेर पडायचं. महाडच्या एसटी स्टँडजवळच्या गल्लीत त्याचं संगणकाचं दुकान. दुकान लहान, पण माणूस गोड. आल्या-गेल्याला पाणी विचारणारा, देवाच्या तसबिरीपुढे रोज ताजं जास्वंदीचं फूल ठेवल्याशिवाय गल्ल्याला हात न लावणारा. कुणाला तोंडावर 'नाही' म्हणणं मात्र त्याच्या जिवावर यायचं. आपल्यापैकी पुष्कळांचं तसंच असतं, आणि आपण त्याला चांगुलपणा समजतो.

गोष्ट दोन हजार आठ सालच्या पावसाळ्यातली. उन्हाळ्यात जितेशने एका कंपनीचे अकरा लॅपटॉप विकले होते. डॉक्टर, वकील, एमआयडीसीतले दोघे-तिघे, अशी सगळी ओळखीची गिऱ्हाइकं. महिनाभरात एकेकाची तक्रार यायला लागली. यंत्र विजेच्या तारेवर असलं की ठीक चालायचं. वीज गेली, ते बॅटरीवर आलं, की दहा मिनिटांत काही न सांगता बंद! बॅटरी भरलेली असूनही यंत्राला ती रिकामी वाटायची. दोष यंत्राच्या पोटातल्या आज्ञावलीत होता. तिला फर्मवेअर म्हणतात. कंपनी सुधारलेलं फर्मवेअर पाठवील, ते आत भरलं की झालं, असं पुण्याच्या कचेरीतून जितेशला कळवण्यात आलं.

"कधी पाठवताय?" त्याने विचारलं होतं.

"चाचणी चालू आहे सर. होतच आलंय."

ते 'होतच आलंय' जूनच्या शेवटापासून ऐकू येत होतं. कधी तक्रारीचा नंबर मिळायचा, कधी फोनवर नुसती गाण्याची धून वाजत राहायची. मंगळवारी फोन करतो म्हणणारा साहेब मंगळवारी रजेवर असायचा. जितेश चिडायचा, फोन आदळायचा. "माणसाला काय समजतात हे लोक? एक धड तारीख सांगता येत नाही?" असं बायकोपाशी बोलायचा. आणि पुढच्या मिनिटाला कुणाचा फोन आला की साखरेसारख्या आवाजात म्हणायचा, "सोमवारी या ना!"

अकरांतला एक लॅपटॉप डोंगरावर गेला होता. उमरठच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथल्या पूनम उतेकरने तो घेतला होता. मुलगी बारावी झालेली, टायपिंगमध्ये हुशार. तीन वर्षं मुंबईत मामाकडे राहून एका कंपनीत कामाला होती. वडील गेल्यावर आईसाठी वाडीवर परत आली. पोलादपूरच्या कचेरीतून तिला काम मिळालं होतं. नऊ गावांच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींच्या झेरॉक्स घरी न्यायच्या आणि संगणकावर उतरवायच्या. गणपतीच्या आधी काम पुरं झालं, तर पुढची गावंही तिलाच मिळणार होती. म्हणजे वाडीवर आईजवळ राहून जगता येणार होतं. नाही झालं, तर मामांनी मुंबईत नोकरीची जागा बघून ठेवलेली होतीच.

वाडीवर दिवसाचे सहा-सात तास भारनियमन, त्यात पावसात वीज गेली की कधी येईल त्याचा नेम नाही. म्हणून तर लॅपटॉप. आणि तोच बॅटरीवर दहा मिनिटं टिकत नव्हता.

पूनम सोमवारी यायची. यंत्र चादरीत गुंडाळून, त्यावर युरियाच्या गोणीचा प्लास्टिकचा कागद बांधून पहाटे वाडी उतरायची. फाट्यावरून पोलादपूर, तिथून महाड. कशेडी घाटात दरड आली की ट्रकांची रांग पोलादपूरच्या खालपर्यंत लागायची आणि गाडी दोन-दोन तास जागची हलायची नाही. दुकानात पोचायला तिला बारा वाजायचे.

"दादा, आलं का?"

"अगं, थोडक्यात राहिलं बघ. येत्या सोमवारी नक्की."

चार सोमवार असे गेले. पहिल्याच दिवशी तिने एका चिठ्ठीवर नंबर लिहून दिला होता. "वाडीवर मोबाईलला रेंज नाय दादा. हा फाट्यावरच्या बायजामावशीचा फोन. हितं सांगितलंत की मला कळतं." ती चिठ्ठी जितेशने काचेखाली नीट सरकवून ठेवली होती. फोन मात्र कधी केला नाही. सांगणार काय?

पाचवा सोमवार श्रावणातला होता. जितेशला श्रावणी सोमवारचा उपास. बारा वाजले तशी त्याची नजर रस्त्याकडे जाऊ लागली. साडेबारा झाले, एक झाला, पूनम आली नाही. त्याला हायसं वाटलं. खरंच सांगायचं तर फार हायसं वाटलं.

इतक्यात दारात एक म्हातारी उभी राहिली. गुडघ्यापर्यंत भिजलेली, डोक्यावर कांबळ्याची खोळ, एका डोळ्यावर पांढरी पट्टी.

"कम्प्युटरवाले जितेशशेट हितंच का?"

"हो, मीच. या मावशी, बसा. पाणी देऊ?"

"पानी लय हाय वरती," असं म्हणत ती हसली आणि स्टुलावर टेकली. "मी बायजा. फाट्यावर माझी टपरी हाय. पूनमनं निरोप दिलाय, आज ती येनार नाय."

जितेश पुढचं ऐकायला थांबला. म्हातारी पदर पिळू लागली.

"आणि?"

"आनि काय? यवढाच."

त्याला हसू आवरेना. "अहो मावशी, ती येणार नाही, हे सांगायला एवढ्या पावसात आलात?"

"डोल्याच्या डाक्तरकडं आलेली, मंग हिकडं वळली. तुमी वाट बघत बसला असाल ना!"

जितेशचं हसू तोंडावरच राहिलं. तो वाट बघत नव्हता. ती न यावी म्हणून बसला होता.

"मशिनीचं औषद आलं का?" म्हातारीने विचारलं.

"सोमवारी... म्हणजे येत्या सोमवारी..."

"ह्ये कुनी सांगितलं तुमाला?"

"कंपनीने."

"कंपनी सोमवार बोलली?"

जितेशने काचेवरची धूळ बोटाने पुसली. "तसं नाही. सोमवार मीच म्हणतो."

"मंग ज्यास्वंदीचं फूल कशापायी ठेवलंस रे बाबा देवाला? उपास हाय ना आज?"

"आहे."

"पोटाला उपास, आनि जिभंला नाय?"

ती हे रागावून बोलली नाही. शेजारणीकडे मीठ मागावं तसं बोलली. पण जितेशला ते बोचलं. तो म्हणाला, "मावशी, तुम्हाला धंदा कळायचा नाही. गिऱ्हाइकाला तोंडावर 'माहीत नाही' म्हटलं की त्याचं मन मोडतं. गोड बोललं की निदान आशेवर राहतं माणूस."

"आशेवर!" बायजाबाईने मान हलवली. "माझ्या टपरीत फोन हाय. तीन वाड्यांचा मिलून एकच. मुंबयवरनं निरोप येतात. मी संध्याकालची बांधावर उभी ऱ्हाते नि हाक देते, कुनाला काय आलं ते. आनि ज्याचं कायच नाय आलं, त्यालाबी हाक देते. 'श्रीपतऽ, आज तुझं काय नाय रेऽ!' आमी त्याला रिकामा निरोप बोलतो. तोबी पोचवायचाच. आमच्यात तसं हाय."

"रिकामा निरोप कशाला पोचवायचा?"

"मीबी यकदा तुझ्यासारखंच बोलले होते, कशाला म्हनून." तिने डोक्यावरचं कांबळं मागे सारलं. "सोनाबाई हाय आमच्यात. तिचा पोरगा भातलावनीला येनार होता. त्याचा फोन येईना. ती रोज खाली येऊन इचारायची, 'गो बायजा, आला का फोन?' मला दया आली. मी बोलले, 'उद्या येतोय बघ.' आठ दिस तसंच बोलले. पोराला रजाच नव्हती मिलाली. सोनाबाई उद्याच्या भरवशावर ऱ्हायली, कुनाला हाक मारली नाय तिनं. रोप पिवलं पडलं, खाचर तसंच ऱ्हायलं त्या साली. पयल्या दिशी मी 'काय ठावं नाय' बोलले असते, तर आख्खी वाडी उतरली असती तिच्या खाचरात. दया केली ना मी!"

जितेशने काचेखालच्या चिठ्ठीकडे पाहिलं. बाहेर एक रिक्षा पाणी उडवत गेली.

"पूनमचं काय चाललंय?" त्याने हळूच विचारलं.

"काय चालनार? गौरी-गनपती झाले का मुंबयला जातीय. मामा बोलला, जागा हाय. रडत नाय ती, पन जेवतबी नाय."

म्हातारी उठायला लागली. जितेश म्हणाला, "मावशी, पाच मिनिटं बसा."

त्याने पुण्याला फोन लावला. कचेरीतला स्वराज नावाचा मुलगा फोनवर आला आणि नेहमीसारखा म्हणाला, "सर, होतच आलंय."

"स्वराज, आज मला तारीख नको. तुला माहीत आहे की नाही, एवढंच सांग. नाही म्हणालास तरी चालेल."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज झाला. मग स्वराजचा आवाज खाली आला. "दादा, मी सांगितलं म्हणू नका. ऑक्टोबरच्या आधी नाही यायचं. पहिलं बनवलं होतं, त्याने चाचणीत बॅटरी तापायला लागली. ते रद्द करून पुन्हा पहिल्यापासून चाललंय. महिना झाला त्याला."

"महिना! आणि मला दर आठवड्याला 'होतच आलंय'?"

"वरून तसंच सांगितलंय दादा. गिऱ्हाइकाचं मन मोडेल असं काही बोलायचं नाही."

जितेशने फोन ठेवला. आपलंच वाक्य पुण्याला जाऊन परत आपल्या कानात आलं होतं! दोन महिने ज्या कंपनीला तो शिव्या घालत होता, तिचंच एक लहानसं दुकान त्याने या गल्लीत उघडलं होतं.

"मावशी, निरोप न्याल?"

"न्यायाचं तर काम माझं. पन शब्द तुझेच दे. मी माझ्या पदरचं काय घालनार नाय."

"सांगा, फर्मवेअर ऑक्टोबरच्या आधी येणार नाही. आणि सोमवार मी माझ्या मनाने सांगत होतो, चारही वेळा. माझ्या दुकानात इन्व्हर्टरवर चालणारं एक मशिन आहे, ते तिने वापरावं."

बायजाबाईने ओठ हलवून ते सगळं एकदा घोळवलं. "चारही येला," ती म्हणाली, "ह्येबी सांगते." आणि पावसात निघाली.

त्या दुपारी जितेशने उरलेल्या दहाही जणांना फोन केले. डॉक्टर भडकले. एकजण म्हणाला, "तुझ्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही," आणि तो खरंच चढला नाही. वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "जितेश, यंत्र बिघडतं, त्याचं काही नाही. हे महिन्यापूर्वी बोलला असतास तर मी मुलाचा कम्प्युटर मागून घेतला असता. तू माझा महिना घेतलास." हे त्याला सगळ्यांत जड गेलं.

बुधवारी पूनम आली. पाठीवर झेरॉक्सचे गठ्ठे. ती हसली नाही.

"पोलादपूरला मीना म्हणून एकीच्या कम्प्युटर क्लासमध्ये मला सकाळचे दोन तास मशिन मिळत होतं दादा," ती म्हणाली. "मी नको बोलले. बोलले, माझं होतंय सोमवारी. ते तास आता दुसऱ्याला गेले."

"चुकलं माझं," जितेश म्हणाला. त्याने त्यापुढे काही जोडलं नाही. इन्व्हर्टरवरचं मशिन तिच्यासाठी चालू करून दिलं.

महाडात तिची सख्खी मावशी होती, तिच्याकडे राहून पूनमने दहा दिवस दुकानात काम केलं. सकाळी जितेश शटर उघडायचा तेव्हा ती पायरीवर उभी असायची. सात गावं झाली. दोन राहिली, आणि मुदतीला चार दिवस उरले.

"हे नाही व्हायचं. कचेरीत सांगून येते," ती म्हणाली.

"कचेरीत कशाला बोलतेस आत्ता? म्हणावं, होतच..." जितेशने जीभ चावली. सवय अशी असते! मग तोच म्हणाला, "जा, आजच जा. खरं ते सांग."

कचेरीतल्या साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. सात गावांचं काम चाळून पाहिलं. मग म्हणाले, "लोक शेवटच्या दिवशी येतात आणि आजारी पडल्याचं सांगतात. तू आधी सांगितलंस म्हणून मला पुढे कळवता येईल. दोन गावं गणपतीनंतर दे. पण तारीख तू सांग, आणि ती पाळ."

पूनमने विचार करून तारीख सांगितली. मामा गौरी-गणपतीला आले आणि विसर्जनानंतर एकटेच मुंबईला परत गेले. ठरल्या तारखेच्या आदल्या दिवशी दोन्ही गावं कचेरीत पोचली, आणि पुढच्या गावांचं कामही तिलाच मिळालं.

फर्मवेअर ऑक्टोबरातही आलं नाही, नोव्हेंबर उजाडला. पण त्या वेळी जितेशच्या दुकानात कुणी भांडायला आलं नाही. दर शनिवारी तो सगळ्यांना फोन करून सांगायचा, "या आठवड्यात काही कळलेलं नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा सांगतो." काही जण चिडायचे, पण फोन उचलायचे.

वाचकहो, आपण उपास करतो, वार पाळतो, आणि देवापुढे धरलेला नेम चुकला तर दिवसभर मनाला चुटपुट लागते. माणसाला दिलेला वार मात्र किती सहज मोडतो! कंपनी असो, कचेरी असो, शिंपी असो की आपण स्वतः, 'उद्या या' म्हणताना समोरच्याने त्या उद्यासाठी काय काय थांबवून ठेवलं आहे, ते आपल्याला दिसत नाही. म्हणून हाही एक नेम धरून पाहावा. ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' म्हणावं. उशीर होणार असेल तर समोरच्याने विचारायच्या आधी आपण होऊन सांगावं. ऐकणारा रागावेल, दोन शब्द बोलेल. पण त्याचा दिवस त्याच्या हातात राहील, आणि दुसऱ्याचा दिवस वाया घालवण्याचा अधिकार आपल्याला कुणीच दिलेला नाही.