काका, बसा

संध्याकाळ झाली की मुद्रितशोधक हातपाय धुऊन, इस्त्रीचा सदरा घालून टेबलाशी बसत आणि फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा करत. पलीकडच्यांना आपण दिसत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मुलीने ते नीट समजावलं होतं. तरी चारचौघांत बनियनवर बसणं त्यांच्या जिवावर येई.

छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मग ते निवृत्त झाले, पाठोपाठ बायको गेली, आणि घरात बोलायला कुणी उरलं नाही. मुलगी लांब राहायची. तिने फोन हातात दिला आणि सांगितलं, लागेल ते यावरून मागवा, दुकानाची पायपीट नको. उशीचे अभ्रे शोधता शोधता त्यांना चादरवाली सापडली.

चादरवाली तिच्या भावाच्या घरातल्या पुढच्या खोलीतून रोज संध्याकाळी लाइव्ह येई. एकेक चादर झटकून उलगडायची, तिचा नंबर सांगायचा. ज्याला हवी त्याने खाली तो नंबर लिहायचा, आणि ज्याचा पहिला दिसेल त्याची चादर. पहिला कुणाचा ते तिची वहिनी बाजूला बसून टिपे. पार्सलंही तीच बांधी. वहिनी कधी पडद्यावर येत नसे. मधूनच नुसता आवाज येई, "गेली गं ती, पुढची दाखव." पैसे पार्सल दारात आल्यावर द्यायचे.

चादरवालीची एक सवय होती. खाली लोक जे लिहीत ते ती आधी नजरेखालून न घालता थेट मोठ्याने वाचायची. पहिल्या दिवशी मुद्रितशोधकांनी भीत भीत ‘नमस्कार.’ एवढंच लिहिलं.

"अगं बाई, पूर्णविराम देणारं गिऱ्हाईक आलं," ती हसत म्हणाली. "काका असणार तुम्ही. बसा काका, बसा. आत्ताच सुरू केलंय."

ते बसलेलेच होते, तरी सावरून बसले. त्या घरात त्यांना ‘बसा’ म्हणणारं कोणी नव्हतं.

पण नमस्काराला उत्तर एकदाच मिळे. पुढे सगळा वेळ चादरी घेणाऱ्यांचा. नंबर लिहिला की मात्र ती पुन्हा म्हणे, "ही काकांची झाली हं. काकांची नजर बघा, बरोबर चांगल्या मालावर जाते." असं कौतुक छापखान्यात कुणी केलं नव्हतं. त्यांनी निळी चादर घेतली, मग पानाफुलांची, मग लहान मुलांसाठी असते तशी गाड्यांची. मुलगी आली तेव्हा कपाट उघडताच एक चळत तिच्या अंगावर आली.

"बाबा, लॉज काढताय का?" ती म्हणाली. "पलंग एक, माणूस एक." ते ओशाळून हसले आणि आता बास, असा शब्द देऊन मोकळे झाले.

शब्द त्यांनी मोडला, पण अशा तऱ्हेने की कपाटाला कळू नये. नंबर लिहायचे, आपलं नाव ऐकायचे, आणि पार्सल दारात आलं की चष्मा पुसत म्हणायचे, "मी काही मागवलेलं नाही बुवा. काहीतरी चूक झाली असेल." पार्सलवाल्याला पुढच्या घरी जायची घाई असे. तो हुज्जत घालत नसे. स्वतःच्या फोनवर बोट दाबून पाकीट परत पिशवीत टाकी. पहिल्या वेळी ते दोनदा अडखळले होते. पुढे पुढे ते वाक्य इतकं सफाईने येऊ लागलं की त्यांना स्वतःलाही ते जवळजवळ खरं वाटे. चादर परत दुकानात जाते, कुणाचं काय बिघडलं, असं ते मनाशी म्हणत. मोठ्या दुकानात आपण दहा कापडं उलगडायला लावतो आणि न घेता उठतो, तसंच हे.

एका संध्याकाळी चादरवाली आली तीच गंभीर चेहऱ्याने. आधी दोन शब्द बोलायचेत, म्हणाली. बरीच पार्सलं परत येत होती. मागवलंच नाही, असं सांगून येत होती. दर वेळी जायचा-यायचा खर्च तिच्याच अंगावर पडत होता. चूक घरातच होती, असं तिचं म्हणणं. इतक्या नावांत कुणाची कुठली चादर हे तिच्या स्वतःच्या लक्षात राहत नव्हतं, सगळी भिस्त वहिनीच्या टिपणावर. आणि वहिनीला नावं नीट टिपता येत नव्हती, एकाचं पार्सल दुसऱ्याच्या माथी मारत होती.

"काका, तुम्हालाही नाहक त्रास झाला. माफ करा," ती म्हणाली. "मी वहिनीला स्पष्ट सांगितलं, दुसरं कुणी खोटं बोलेल, पण काका कशाला बोलतील? पूर्णविराम न विसरणारा माणूस तो. आजपासून तिला या कामावरून काढलंय. तिने आपलं स्वयंपाकघर बघावं."

खाली लोकांनी वहिनीची टर उडवायला सुरुवात केली. एकीने लिहिलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. दुसरीने लिहिलं, नणंदेचा धंदा बुडवायचाय तिला. आणि चादरवाली सवयीप्रमाणे ते सगळं मोठ्याने वाचत गेली. वहिनी त्याच घरात होती. तिला ऐकू जात असणारच.

मुद्रितशोधकांनी लिहायला घेतलं. ‘वहिनींची चूक नसावी.’ मग ‘नसावी’ खोडून ‘नाही’ केलं. मग वाटलं, हे आपल्याला कसं कळलं असं कुणी विचारलं तर? आधी ‘माझ्या मते’ घातलं, मग काढलं. त्या एका ओळीची दुरुस्ती चालू असतानाच चादरवालीने हात जोडले आणि पडदा काळा झाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पार्सलवरचा तिचा नंबर फिरवला आणि एकदा वाजताच फोन ठेवून दिला. मग एक पळवाट सुचली. यापुढे आलेलं प्रत्येक पार्सल मुकाट्याने घ्यायचं. कपाटात मावलं नाही तर पलंगाखाली. हिशेब आपोआप मिटेल. हा विचार त्यांना दुपारच्या चहापर्यंत पुरला. चहा पिताना ध्यानात आलं, की पार्सलं परत यायची थांबली तर चादरवाली म्हणेल, बघा, वहिनीला काढलं आणि सगळं सुरळीत झालं. आपल्या चांगुलपणाने त्या बाईच्या कपाळावरचा शिक्का आणखी पक्का झाला असता.

त्या संध्याकाळी त्यांनी सदरा घातला नाही. पहिलीच चादर उलगडली जात होती तेव्हा त्यांनी लिहिलं आणि पुन्हा न वाचता पाठवलं.

"काका म्हणतायत," चादरवालीने वाचायला सुरुवात केली, "ती पार्सलं मीच मागवली होती आणि मीच खोटं बोलून परत केली वहिनींची काही चूक..."

ती थांबली. हातातली चादर अर्धवट लोंबत राहिली. खाली ओळींवर ओळी धावू लागल्या. या वयात ही थेरं. रिकामटेकडा म्हातारा. मुलं लक्ष देत नाहीत वाटतं. यातलं काही तिने वाचलं नाही.

"का हो काका?" तिने विचारलं.

त्यांनी खरं ते लिहिलं. तुम्ही नाव घेता म्हणून. तिचे डोळे त्या ओळीवरून फिरलेले त्यांना स्पष्ट दिसले. ती ओळ तिने मोठ्याने वाचली नाही. दया आली की किळस आली, हे चेहऱ्यावरून कळेना.

मग तिने आत हाक मारली. पदराला हात पुसत एक ठेंगणी बाई आली आणि कुठे बघावं हे न कळून जमिनीकडे बघत उभी राहिली.

"हिला मी सगळ्यांदेखत बोलले, म्हणून सगळ्यांदेखत सांगते," चादरवाली म्हणाली. "वहिनीचं काही चुकलं नव्हतं. काकांनी मागवलं होतं. काकांनीच परत केलं. मी काकांवर विश्वास ठेवला आणि घरच्या माणसावर नाही ठेवला."

"झालं ना?" वहिनी हळूच म्हणाली. "गॅसवर दूध आहे माझं." आणि ती आत निघून गेली. परत येऊन टिपायला बसते म्हणाली नाही, आणि चादरवालीनेही तिला थांबवलं नाही.

विक्री पुन्हा सुरू झाली. मुद्रितशोधक अंग चोरून बसून होते. चादरवालीचा आवाज कोरडा झाला होता, नंबर आणि भाव यापलीकडे ती काही बोलत नव्हती. आता फोन बंद करावा हे त्यांना कळत होतं. तरी बोट पुढे होईना, आणि का होईना ते शोधताना त्यांना आपल्या आत एक गोष्ट सापडली. ती पार्सलवाल्याशी बोललेल्या खोट्याहून वाईट होती. मघाशी ती भली बाई सगळ्या जगासमोर त्यांचा गुन्हा सांगत होती, वहिनी मान खाली घालून उभी होती, आणि ते मात्र प्रत्येक ‘काका’ला कान देऊन बसले होते. त्यातल्या एकेका ‘काका’ने त्यांना, क्षणभर का होईना, बरं वाटलं होतं.

ही गोष्ट त्यांनी कुणाला लिहून पाठवली नाही. फोन उचलून पालथा घातला. त्याखालून पुढच्या चादरीचा नंबर दबका ऐकू येत राहिला, आणि तो लिहायला निघालेले दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले.